छत्रीलाही पाऊस लागतो



गेल्या जुलैतली गोष्ट. आमच्या बचत गटाची बैठक एका ताईंच्या ओटीवर चालली होती. हप्त्यांचा हिशेब अर्ध्यावर आला आणि आतून त्यांच्या सासूबाई ओरडल्या, "अगं, बातम्या गेल्या!" अंगणात पावसाचा थेंब नव्हता. कामण-घोडबंदरच्या बाजूला मात्र आभाळ काळंकुट्ट झालं होतं. मुलगा छत्री हलवायला छपरावर चढू लागला, त्याला आम्ही खाली बसवलं. ते आभाळ पुढे सरकलं तसं चित्र आपोआप परत आलं.

इथे पाऊस नाही, मग चित्र गेलं कसं? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी सरळ आपल्याकडे यायच्या. वरळी ते वसई अंतर जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. गावात एखाद्याच घरी टीव्ही आणि छपरावर बांबूला बांधलेला अँटेना. त्या लहरी काही मीटर लांबीच्या, पावसाच्या थेंबाला त्या जुमानायच्या नाहीत. त्रास वाऱ्याचा. अँटेना फिरला की एकजण वर आणि बाकीचे खाली, "आलं का?" "आलं, आलं... गेलं!" पडद्यावर मुंग्या आल्या तरी आवाज ऐकू यायचा, हे लक्षात ठेवा.

उपग्रहाचा टीव्ही आपल्या देशात खेड्यांतूनच सुरू झाला, हे मलाही उशिरा कळलं. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर 'साइट' नावाचा प्रयोग झाला. उपग्रह अमेरिकेचा, कार्यक्रम आपले, गावं सहा राज्यांतली सुमारे २,४००. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आपल्या सीमेलगतचे विजापूर, गुलबर्गा हे जिल्हे होते. तिथे लावलेली छत्री दहा फुटांची, कोंबड्यांच्या खुराड्याला मारतात तसल्या जाळीची. तिच्यात येणारी लहर सुमारे ३५ सेंटिमीटरची, फुटपट्टीपेक्षा थोडी मोठी.

पुढे १९८३ मध्ये आपला इन्सॅट-१बी वर गेला. नव्वदच्या दशकात केबल आली. केबलवाल्याच्या गच्चीवरची भलीमोठी छत्री आठवते ना? तिच्यात येणारी लहर साडेसात सेंटिमीटरची. थेंबांनी तीही फारशी अडत नसे. घरापर्यंत चित्र वायरने यायचं आणि त्याच वायरीतून केबलवाल्याचा स्वतःचा चॅनेलही दिसायचा. पाणी कधी येणार, रस्ता कुठे बंद, जत्रा कुठे, सगळं आपल्या भागातलं. वीज गेली की मात्र सगळंच गेलं.

मग डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत डिश आली, आजची फ्री डिश. महिन्याचं भाडं नाही, छत्री दोन-अडीच फुटांची. पाड्यापाड्यावर टीव्ही पोचला तो हिच्यामुळे, तिला नावं ठेवायचा माझा विचार नाही. पण छत्री लहान करायची तर लहरही लहान घ्यावी लागते. ही लहर जेमतेम अडीच सेंटिमीटर, बोटाच्या पेराएवढी. बैलगाडीचं मोठं चाक खड्यावरून निघून जातं, पोराच्या खेळगाडीचं अडतं, तसंच हे. जोराच्या पावसातले टपोरे थेंब ही लहर शोषतात आणि इकडेतिकडे उडवतात.

आता ओटीवरचं कोडं. फ्री डिशचा उपग्रह वसईहून आग्नेयेला, तिरका वर दिसतो. म्हणजे आपली छत्री डोक्यावरच्या आभाळाकडे बघतच नाही, ती कामण-घोडबंदरच्या बाजूला बघते. पावसाचे थेंब साधारण पाच किलोमीटर उंचीपर्यंत असतात. छत्तीस हजार किलोमीटर बिनबोभाट आलेली लहर शेवटच्या सहा किलोमीटरांत अडते. आणि चित्र आता डिजिटल. त्यात मुंग्या नाहीत, खरखर नाही. थोडा सिग्नल कमी पडला तर चित्र चौकोन-चौकोन होऊन थिजतं, आणखी कमी झाला की आवाजासकट बंद.

मला टोचतं ते वेगळंच. वरळीहून वसईला यायला आज 'सह्याद्री'चं चित्र किमान छत्तीस हजार किलोमीटर वर जातं आणि तेवढंच खाली येतं. केबलवाल्याचा तो गावचा चॅनेल तर या डिशवर येतच नाही. पावसाची बातमी सगळ्यात जास्त हवी असते ती पाऊस पडत असताना, आणि नेमका तेव्हाच पडदा काळा.

जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं, लोकल थांबल्या, वीज गेली. डिश काय, केबल काय, सगळं सारखंच. आमच्या सासूबाईंनी कपाटावरचा ट्रान्झिस्टर काढला. आकाशवाणी मुंबईच्या मध्यम लहरी शेकडो मीटर लांबीच्या. त्यांना थेंब दिसतही नाही, आणि ट्रान्झिस्टरला दोन सेल पुरतात. घरात बसून बाहेरची खबर आम्हाला त्याच देत होत्या, तीही जरा रुबाबात.

छत्रीचे नट मेमध्येच घट्ट करून घ्या. ती किंचित जरी हलली असेल तरी उन्हाळ्यात चित्र दिसतं आणि पहिल्या सरीत जातं. वायरीच्या जोडावर टेप गुंडाळा, आत पाणी शिरलं तर पाऊस थांबल्यावरही चित्र येत नाही. पावसात कोणाला छपरावर पाठवू नका, ओल्या पत्र्यावरून पाय सरकतो. सर ओसरायची वाट बघा.

आमच्या गटाने उशिरा येणाऱ्यांच्या दंडातून एक ट्रान्झिस्टर घेतलाय. सेलचा खर्च कोणी करायचा, यावर अजून वाद चालू आहे.