आपत्ती कशाला म्हणावे? वर्धा जिल्ह्याच्या निमित्ताने

महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन तीन वर्षे झाली होती, तेव्हा, म्हणजे १९६३ साली, विधिमंडळाने एक विलक्षण कायदा संमत केला. राज्यात लागू असलेल्या सर्व कायद्यांतून ‘फॅमिन’ ही संज्ञा वगळावी आणि तिच्या जागी ‘स्केअर्सिटी’, म्हणजे टंचाई, ही संज्ञा घालावी, एवढेच त्याचे प्रयोजन होते. शासन पीकपरिस्थितीवर सतत लक्ष ठेवते, वेळीच उपाय योजते, तेव्हा ‘फॅमिन’ पडण्याला वावच उरलेला नाही, अशी त्यामागची भूमिका. शब्द खोडून संकट संपल्याचे जाहीर करण्याची अशी उदाहरणे फार नसावीत. नऊ वर्षांनी १९७२ उजाडले. त्या वर्षाचा उल्लेख ‘बहात्तरचा दुष्काळ’ असाच होतो. ‘बहात्तरची टंचाई’ म्हणणारे मला तरी कोणी भेटलेले नाही.

या कायद्यात भाषांतराचाही एक पेच दडलेला आहे. इंग्रजीत पाऊस न पडणे हे ‘ड्राउट’ आणि माणसे अन्नावाचून मरणे हे ‘फॅमिन’. दोहोंच्या मध्ये ‘स्केअर्सिटी’. मराठीत या साऱ्यांना पुरून उरणारा एकच शब्द आहे, दुष्काळ. तो पावसाविषयी बोलत नाही, धान्याविषयीही नाही; काळच वाईट आला, एवढेच तो सांगतो. ‘अवर्षण’ हा नेमका शब्द आपल्याकडे आहे, पण तो पोथीत आणि अहवालात राहिला. त्यामुळे इंग्रजीतून ‘फॅमिन’ गेला तरी ‘ड्राउट’ शिल्लक राहिला, आणि शासकीय मराठीला मात्र ‘दुष्काळ’ हा शब्दच उच्चारायला जड जाऊ लागला. त्यातून ‘टंचाईसदृश’, ‘दुष्काळसदृश’ अशी चमत्कारिक रूपे जन्माला आली. हा ‘सदृश’ अलंकारशास्त्रातला आहे. तिथे तो उपमेचा वाचक असतो. तहसीलदाराच्या अहवालात उपमा कशासाठी हवी? अखेर मे २०१६ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयात हा विषय गेल्यानंतर, ‘दुष्काळसदृश’ असेल तिथे ‘दुष्काळ’ असे वाचावे, असा खुलासा शासनाला करावा लागला. एकोणतीस हजारांवर गावे एका शुद्धिपत्रकाने उपमेतून वास्तवात आली.

संकटाचे नाव कोणी ठरवायचे, ही ओढाताण जुनी आहे, आणि तिचा माग वर्धा जिल्ह्यात चांगला काढता येतो. हा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध चालू होते, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता आणि हिंगणघाटच्या कापसाला मोल आले होते. म्हणजे जिल्ह्याचे आणि कापूसबाजाराचे नशीब आरंभापासून एकत्र बांधले गेले. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींतून १८८३ मध्ये ‘फॅमिन कोड’चा आराखडा तयार झाला. त्यातली एक तरतूद नीट पाहण्याजोगी आहे. दुष्काळ आहे की नाही हे ठरवण्यासाठी आधी चाचणीची कामे काढायची, तिथे तुटपुंज्या मजुरीवर खडी फोडायला किती माणसे येतात ते मोजायचे आणि मग निर्णय घ्यायचा. भुकेची व्याख्या भुकेल्याने हातोडा उचलून सिद्ध करायची! १८९६-९७ आणि पाठोपाठ १८९९-१९०० (संवत १९५६ मधला म्हणून ‘छप्पन्या’) या दोन दुष्काळांत मध्य प्रांत होरपळला. कापसाच्या आणि रेल्वेच्या मुलखात धान्य येऊन पोहोचण्यापेक्षा ते विकत घेण्याची ऐपत असणे हा अधिक अवघड प्रश्न होता. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’मध्ये जे सिद्धान्तरूपाने मांडले, ते बाजारपेठेच्या ओट्यावर बसलेल्या माणसाला आधीच उमजलेले असणार.

आता शब्दांकडे वळू. ‘आपत्ती’ हा ‘पद्’ धातूपासून आलेला: जे येऊन कोसळते ते. ‘विपत्ती’ आणि ‘संपत्ती’ ही त्याच धातूची भावंडे. वराहमिहिराने उत्पातांचे दिव्य, आंतरिक्ष आणि भौम असे तीन वर्ग केले; त्याच्या दृष्टीने उत्पात म्हणजे हानी नव्हे, येणाऱ्या हानीची खूण. युरोपातला ‘डिझास्टर’ याच कुळातला, ताऱ्याची अवकृपा सांगणारा. ‘कॅटॅस्ट्रॉफी’ मात्र ग्रीक ‘उलथणे’पासून आला आणि दीर्घकाळ नाट्यशास्त्रातला शब्द होता: नाटकाचा शेवटचा पालट, जिथे सारे उलगडते. बंगालीत शासन ‘विपर्यय’ म्हणते. अर्थाने तो ‘कॅटॅस्ट्रॉफी’चा जवळजवळ जुळा आहे. हिंदीत ‘आपत्ति’ म्हणजे आज मुख्यतः हरकत, म्हणून तिथे ‘आपदा’ वापरतात. वर्ध्यात, जिथे १९३६ पासून राष्ट्रभाषा प्रचार समितीचे काम चालले, तिथे मराठी ‘आपत्ती’ आणि हिंदी ‘आपत्ति’ शेजारी नांदतात. एकीने मदत मागायची आणि दुसरीने आक्षेप घ्यायचा! थट्टा सोडून देऊ, पण मदतीच्या अर्जांचे पुष्कळदा असेच होते.

या साऱ्यांत मराठीची खरी कमाई ‘अस्मानी-सुलतानी’ ही जोडी आहे. दोन्ही शब्द बाहेरून आले, पण त्यांची जोडी इथल्या वसुलीच्या अनुभवात पक्की झाली. ‘डिझास्टर’प्रमाणे तिचा पहिला अर्धा आकाशाकडे बोट दाखवतो, दुसरा अर्धा सिंहासनाकडे. पीक बुडाले ते पावसाने की सारावसुलीने, हा भेद रयतेच्या भाषेने करून ठेवला. मुख्य म्हणजे दोन्ही एकदम येऊ शकतात हेही तिला ठाऊक होते.

अस्मानी कुठे संपते आणि सुलतानी कुठे सुरू होते, हा वाद एकदा वेगळ्याच पातळीवर रंगला. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी गांधीजींनी वर्ध्याहून आपली हरिजन यात्रा सुरू केली. याच गावी जमनालाल बजाजांनी १९२८ मध्ये लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले होते. यात्रा दक्षिणेत असताना १५ जानेवारी १९३४ ला बिहारात भयंकर भूकंप झाला आणि गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाचे ईश्वरी शासन असल्याचे म्हटले. रवींद्रनाथांनी त्याला सार्वजनिक विरोध केला. भौतिक घटनेला नैतिक कारण चिकटवले की अविवेकाला बळ मिळते, असा त्यांचा मुद्दा होता. गांधीजींनी तो विरोध आपल्याच ‘हरिजन’मध्ये छापून उत्तर दिले. विज्ञानाच्या बाजूने रवींद्रनाथ निर्विवाद बरोबर होते. तरीही मला वाटते, गांधीजींच्या विधानात उत्पाताची जुनी कल्पना बोलत होती: घटनेपेक्षा तिच्याआधी चाललेल्या अन्यायाकडे पाहा. चूक झाली ती कार्यकारणाची; रोज चालणाऱ्या अन्यायालाच आपत्ती म्हणण्याचे बळ मात्र कोणत्याच पक्षाच्या शब्दांत आले नाही.

हाच पेच कापसाच्या शेतीत पुन्हा समोर येतो. जिल्ह्यात शेतकरी आत्महत्यांची नोंद २००१ पासून ठेवली जाते. ३० जून २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग वर्धा जिल्ह्यातील वायफड येथे येऊन गेले, आणि विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. वर्तमानपत्रांनी या सगळ्याला ‘शोकांतिका’ म्हटले. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हा शब्द तपासून घ्यावा. शोकांतिकेला एक नायक लागतो, त्याचा प्रमाद लागतो आणि शेवटचा पालट लागतो. इथे प्रमाद कोणाचा? आणि पालटाचा क्षण कोणता? उत्पादनखर्चाला न पुरणारा भाव, थकलेले पीककर्ज, मग सावकार, दुबार पेरणी, २०१७ ची बोंडअळी. यांतले काहीच एका रात्रीत कोसळलेले नाही. ‘शोकांतिका’ म्हटल्याने मृत्यू खासगी होतो, आणि दोष नकळत मेलेल्याच्या स्वभावात शोधला जातो.

कायद्याची अडचण याहून निराळी. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ मधली व्याख्या उदार आहे. नैसर्गिक वा मानवनिर्मित कारणाने, अपघाताने वा हलगर्जीने घडलेली आणि समाजाच्या सोसण्यापलीकडची हानी करणारी गंभीर घटना, असा तिचा आशय. म्हणजे व्याख्येत सुलतानी आहे. ३१ मे २०१६ ला पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागून जवान आणि अधिकारी मृत्युमुखी पडले, तसा प्रसंग तिच्यात सहज बसतो, कारण त्याला तारीख आहे, वेळ आहे, जागा आहे. परंतु प्रत्यक्ष मदतनिधीच्या यादीकडे गेले की चक्रीवादळ, पूर, दुष्काळ, भूकंप, गारपीट, ढगफुटी, कीड अशी जवळपास सगळी अस्मानीच भेटते. भाव पडणे तिच्यात नाही. कीड आहे, कर्ज नाही. एका मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी. तोच पाऊस आठवडाभर रोज थोडाथोडा पडून कपाशी सडली तर २०२३ पर्यंत पंचनाम्याला धरायला आकडा सापडत नसे.

म्हणून आत्महत्येसाठी वेगळा निर्णय काढावा लागला, एक लाख रुपयांच्या मदतीचा. तिथे कारण तपासले जाते: नापिकी होती काय, कर्ज बँकेचे, सोसायटीचे की परवानाधारक सावकाराचे, थकले होते काय, तगादा होता काय, जमीन कुटुंबाच्या नावावर होती काय. त्यावरून प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. नात्यागोत्यातून उसने घेतलेले, चिठ्ठीवर घेतलेले पैसे या तपासणीत दिसत नाहीत. मक्त्याने जमीन कसणाऱ्याचा सातबाराही दुसऱ्याच्याच नावावर असतो. खडी फोडून दुष्काळ सिद्ध करण्याच्या रीतीला शतक उलटले. आता पुरावा विधवेने गोळा करायचा आहे.

भाषेने मात्र शब्द पाडण्याचे काम थांबवलेले नाही. ‘ओला दुष्काळ’ हा तिचाच. पावसाच्या अभावाशी बांधलेल्या शास्त्रीय व्याख्येत ही संज्ञा वदतोव्याघात ठरते. काळ वाईट आला एवढेच सांगणाऱ्या मराठी ‘दुष्काळा’त ती मजेत मावते. २०२५ च्या पावसाळ्यात राज्यभर शेते खरडून गेली तेव्हा ओला दुष्काळ जाहीर करा, अशी मागणी झाली. नियमपुस्तकात अशी संज्ञाच नाही, पण दुष्काळात मिळणाऱ्या सवलती लागू करू, असे शासनाने सांगितले. सवलती मिळाल्या, शब्द मिळाला नाही.