ओवीचा वारसा आणि नगरचा ख्रिस्ती समाज

समाजाची सांस्कृतिक ओळख कशाने घडते, हा प्रश्न अभ्यासकांपुरता मर्यादित राहत नाही. अहमदनगर जिल्ह्यातील आम्हा ख्रिस्ती लोकांना तो शाळेत, कचेरीत आणि प्रवासातही भेटतो. "तुम्ही ख्रिस्ती, मग घरी कोणती भाषा बोलता?" असे आम्हांला विचारले जाते. विचारणाऱ्याचा हेतू बहुधा वाईट नसतो. ख्रिस्ती माणूस म्हणजे गोव्याकडचा, इंग्रजी बोलणारा, पाश्चात्त्य वेश करणारा असे चित्र त्याने नाटकांतून व चित्रपटांतून पाहिलेले असते. राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर, नेवासे या तालुक्यांतील आमची घरे, तेथील बाजरीची भाकरी, आमच्या आयाबायांचे नऊवारी लुगडे आणि अस्सल नगरी बोली त्या चित्रात बसत नाहीत. म्हणून या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या आधारे देणे आम्हांला अगत्याचे वाटते. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर असे झाले आहे. तथापि ज्या काळाविषयी आम्ही लिहीत आहोत त्या काळाचे नाव म्हणून येथे जुनेच नाव ठेवले आहे.

मिशनरी या भूमीत आले तेव्हा ती आध्यात्मिकदृष्ट्या ओसाड नव्हती, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, प्रवरेच्या काठी नेवासे येथे सांगितली गेली. संस्कृतातील तत्त्वज्ञान सामान्य जनांच्या भाषेत आणि ओवीसारख्या साध्या छंदात उतरले. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' हा ग्रंथ ओवीतच रचला. जन्माने मुसलमान असलेल्या या संताला मराठी संतमंडळात मानाचे स्थान मिळाले. पुढे राहुरी तालुक्यातील ताहराबादच्या महिपतींनी (१७१५–१७९०) 'भक्तविजया'त आणि 'भक्तलीलामृता'त संतांची चरित्रे गुंफली, तीही ओवीतच. देवाविषयी बोलायचे तर लोकांच्या भाषेत बोलावे आणि बोलणाऱ्याची जात वा धर्म त्याच्या आड येऊ देऊ नये, ही शिकवण या जिल्ह्याला मिशनपूर्व काळापासून मिळालेली होती.

परंतु याच परंपरेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. महिपतींनी ज्या चोखामेळ्याचे चरित्र गौरवाने गायिले, त्या चोखोबांना पंढरीच्या मंदिरात प्रवेश नव्हता. आमच्यापैकी बहुसंख्यांचे पूर्वज चोखोबांच्याच समाजातले, काही मातंग समाजातले. कीर्तन त्यांच्या कानी पडत होते, ओव्या त्यांच्या घरच्या जात्यावर गायिल्या जात होत्या. पण गावाच्या पाणवठ्यावर, देवळात आणि शाळेत त्यांना जागा नव्हती. आमच्या सांस्कृतिक ओळखीचा आरंभ येथे आहे. परंपरेचा शब्द आम्हांला लाभला होता, तिच्या घरात मात्र प्रवेश नव्हता.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगर येथे आपले ठाणे स्थापन केले. सिंथिया फरार यांनी नगरमध्ये मुलींच्या शिक्षणाचे काम दीर्घकाळ केले. १८४२ साली येथूनच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झाले. या सर्व कार्याचा पाया प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी घातला, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. कॅथलिक धर्मगुरू या भागात नंतर आले. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाच्या अखेरीस, १८७८ च्या सुमारास, राहुरी तालुक्यातील केंदळ येथे जर्मन येशूसंघीयांच्या कार्याला आरंभ झाला आणि पुढे १८९२ साली संगमनेर येथे त्यांचे केंद्र उभे राहिले. पहिल्या महायुद्धात हे जर्मन धर्मगुरू शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले व त्यांना येथून जावे लागले. पुढील काळात स्विस येशूसंघीयांनी या कार्याचा मोठा भार उचलला.

दुष्काळाचा उल्लेख आला की, "तुमचे पूर्वज धान्यासाठी ख्रिस्ती झाले" हा आरोप पाठोपाठ येतो. या आरोपाने रागावण्याचे किंवा तो लपविण्याचे कारण नाही. भूक होती, हे खरे आहे. ज्यांच्या घरात धान्याचा साठा कधी झालाच नाही, त्यांनाच दुष्काळाने सर्वांआधी गाठले. परंतु दुष्काळ सरला, पाऊस पडला, आणि तरीही पुष्कळ कुटुंबे विश्वासात टिकून राहिली. बहिष्कार सोसून, वतनाच्या हक्कांवरून भावकीशी तंटे करून ती टिकली. यामागे धान्याहून अधिक काही असले पाहिजे. मास्तर, म्हणजे धर्मशिक्षक, वस्तीवर येऊन पाटीवर मुलांची नावे लिहू लागला. मिस्साबलीच्या वेळी सर्वांबरोबर एका छपराखाली बसता येऊ लागले. मेलेल्या माणसाची पद्धतशीर नोंद होऊ लागली. ज्यांची नावे गावाच्या कोणत्याही सन्माननीय दप्तरात नव्हती, त्यांची नावे स्नानसंस्काराच्या नोंदवहीत आली. आमच्या मते, आमच्या समाजाचा पहिला लिखित इतिहास म्हणजे ही नोंदवहीच होय.

या नोंदींतील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पोर्तुगीज अमलाखाली गोव्यात आणि वसईत धर्मांतर करणाऱ्यांना पोर्तुगीज आडनावे मिळाली. नगर जिल्ह्यात तसे घडले नाही. साळवे, गायकवाड, कांबळे, शिंदे, भालेराव ही आडनावे जशीच्या तशी राहिली. पुढचे नाव तेवढे कधी योहान, कधी मार्था, तर कधी यशवंत अथवा शांताबाई असे ठेवले गेले. १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला आणि अहमदनगर जिल्हा त्यात गेला. या धर्मप्रांताचे पहिले महागुरूस्वामी थॉमस भालेराव होते. प्रेषिताचे नाव आणि या मातीचे आडनाव असा हा संगम आमच्या साऱ्या समाजाच्या ओळखीचे प्रतीक मानता येईल.

आता साहित्याकडे वळू. मराठी कॅथलिक साहित्याचा आद्य आणि अजोड ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण'. जन्माने इंग्रज असलेले हे येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी मराठी आत्मसात केली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रचला. त्याचे पहिले मुद्रण १६१६ साली राशोल येथे झाले. ख्रिस्ताची कथा मराठी माणसाला सांगायची तर ती पुराणाच्या रूपाने आणि ओवीच्या छंदात सांगितली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. नेवाशाला जी ओवी ज्ञानेश्वरांनी वापरली, तीच राशोलला स्टीफन्स यांनी वापरली. दोन्ही स्थळांमध्ये शेकडो मैलांचे अंतर आहे आणि धर्मही वेगळे आहेत. पण दोघांपुढील प्रश्न एकच होता, आणि उत्तरही एकच निघाले.

दुर्दैवाची गोष्ट अशी की, हा वारसा आमच्या केंदळच्या, संगमनेरच्या पूर्वजांपर्यंत पोचलाच नाही. ख्रिस्तपुराण रोमन लिपीत छापले गेले होते. ते देवनागरीत संपूर्ण स्वरूपात मराठी वाचकांपुढे आले ते १९५६ साली, आणि ते काम केले शांताराम बंडेलू या संशोधकाने. पहिल्या मुद्रणानंतर ३४० वर्षांनी आमचा आद्य ग्रंथ आमच्या लिपीत आम्हांला मिळाला. तोवर आमच्या पूर्वजांनी मराठीत प्रार्थना पाठ केल्या, मराठीत धर्मशिक्षण घेतले, परंतु मिस्साबली मात्र लॅटिन भाषेत ऐकला. त्याचे पावित्र्य त्यांना जाणवत होते, शब्द मात्र कळत नव्हते.

ही उणीव फार मोठ्या प्रमाणात भरून काढली ती नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांनी. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्यानंतर त्यांच्या कार्याचा मोठा काळ नगर आणि राहुरी येथे गेला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते सांगत. त्यांनी ख्रिस्ती उपासनेला अभंग दिला, भजन दिले, कीर्तनाला नवे तेज दिले. लक्ष्मीबाईंनी १९०० साली राहुरी येथे बाप्तिस्मा घेतला. जातिभेद देवाने निर्मिलेला नाही या निष्कर्षापर्यंत त्या स्वतःच्या विचाराने आल्या आणि मगच त्यांनी हे पाऊल उचलले. ही सारी कहाणी त्यांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात (१९३४–१९३६) इतक्या निर्मळ मराठीत सांगितली की, ते पुस्तक ख्रिस्ती साहित्यापुरते न राहता साऱ्या मराठी भाषेचे भूषण ठरले. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन'ही त्यांनीच पूर्ण केले. ताहराबाद, केंदळ आणि राहुरी ही तिन्ही स्थळे एकाच तालुक्यात आहेत. मराठी भक्तीचा चरित्रकार, कॅथलिक मिशनचा आरंभ आणि 'स्मृतिचित्रे'तील बाप्तिस्मा हे सारे एवढ्या लहान टापूत घडले, याची जाणीव आमच्या तरुणांना क्वचितच असते.

कॅथलिकांनीही या काळात लेखणी खाली ठेवली नव्हती. १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी केंदळ येथून 'निरोप्या' हे मासिक सुरू केले. पुढे ते पुण्याचे महागुरूस्वामी झाले. मासिकाने आपली शताब्दीही पूर्ण केली. खेड्यातील धर्मशिक्षक हे मासिक वाचीत आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांना वाचून दाखवीत. अनेक घरांत छापील मराठी शब्द पहिल्यांदा आला तो याच वाटेने. नंतर द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली आणि मिस्साबली मराठीत होऊ लागला. तेव्हा गाणी कोठून आणावीत हा प्रश्न फारसा पडला नाही. टिळकांची भजने कॅथलिक मंदिरांतही म्हटली जाऊ लागली. पंथभेदाची जी भिंत धर्मशास्त्राच्या चर्चेने सहज ओलांडली नसती, ती मृदंग आणि टाळ यांनी ओलांडली.

आमच्या लोकांनी स्वतः घडविलेल्या संस्कृतीचे दर्शन घ्यायचे तर सप्टेंबर महिन्यात श्रीरामपूरजवळ हरेगावला जावे. १९४९ पासून तेथे मतमाउलीची यात्रा भरते. पवित्र मरियेला येथील लोक 'माउली' म्हणतात. ज्या नगर जिल्ह्यात ज्ञानोबांना माउली म्हटले जाते, तेथे देवमातेसाठी दुसरा शब्द सुचलाच नसता. दूरदूरच्या गावांहून माणसे पायी येतात, नवस फेडतात, भजने म्हणतात. त्यांत अन्य धर्मीयही असतात. 'यात्रा', 'नवस' आणि 'माउली' हे शब्द कोणत्याही परिषदेने आम्हांला दिलेले नाहीत. ते आमच्या आज्यांनी आपल्याबरोबर मंदिरात आणले.

येथवर गौरवाची बाजू झाली. परंतु एका गोष्टीची खंत आम्हांला वाटते. टिळक दांपत्य ब्राह्मण कुटुंबातून आले होते, स्टीफन्स इंग्लंडहून, डोरिंग जर्मनीहून. महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून ख्रिस्ताकडे आलेल्या बहुसंख्य माणसांचे 'स्मृतिचित्रे' कोठे आहे? त्यांनी काय सोसले, मास्तरने पहिले अक्षर गिरवून घेतले तेव्हा त्यांना काय वाटले, भंडारदरा धरणाचे पाणी कालव्यांतून आल्यावर बेलापूर कंपनीच्या ऊसमळ्यांत त्यांनी कसे दिवस काढले, हे फार थोडे लिहिले गेले आहे. दलित साहित्याने मराठीला हादरा दिला तेव्हाही आमचा आवाज त्यात क्षीणच राहिला.

याला एक व्यावहारिक कारणही आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्यांना तो अद्याप मिळालेला नाही. महाराष्ट्रात त्यांची गणना इतर मागासवर्गांत होते. यामुळे कित्येक घरांत मंदिरातले नाव एक आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव दुसरे, अशी दुहेरी व्यवस्था झाली. ज्याला आपले नाव सांगण्यापूर्वी विचार करावा लागतो, तो आत्मचरित्र कसे लिहिणार? आमचे साहित्य क्षीण राहिले यात प्रतिभेचा दोष मानू नये. उघडपणे बोलण्याची किंमत फार मोठी होती, हे ध्यानी घ्यावे.

तरीही काम आमच्याच हातात आहे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी हिंडून स्त्रियांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित केल्या. ज्यांना निरक्षर म्हटले गेले, त्या स्त्रियांचे केवढे साहित्य जिवंत होते, हे त्यामुळे जगाला कळले. आमच्या आज्यांनीही येशूबाळाच्या, मरियेच्या ओव्या रचल्या असतील. जाते थांबले तसा तो स्वरही थांबत चालला आहे. प्रत्येक धर्मग्रामाने एक वही घालावी. वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या ओव्या, मास्तरांची कीर्तने, गावातील पहिल्या बाप्तिस्म्याची हकीकत, वस्तीवरचे पहिले मंदिर कोणी व कसे बांधले याची माहिती त्यात उतरवावी. जुन्या नोंदवह्या वाळवीच्या हवाली करू नयेत. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांसाठी या जिल्ह्याने आपल्या ओवीत जागा केली होती. आमच्यासाठीही ती जागा आहे. ती भरावयाची तर प्रथम आमच्या वृद्धांजवळ जाऊन बसले पाहिजे, आणि ते याच वर्षी केले पाहिजे.