हैदराबाद गॅझेटियरवर भांडणारे आपण सगळे, पण ते वाचलंय कुणी?

आज जरा लांब लिहितोय. वेळ असेल तर निवांत वाचा, नसेल तर सेव्ह करून ठेवा. पण अर्धवट वाचून कमेंट करू नका, एवढी विनंती.

मांजरसुंब्याच्या चौकात सकाळी चहाला उभं राहिलं की महाराष्ट्राचं सगळं राजकारण तिथंच कळतं. सोलापूरकडून येणारा, नगरकडून येणारा, केज-अंबाजोगाईकडं निघालेला, सगळे इथं थांबतात. गेली दोन-अडीच वर्षं या चौकात एक शब्द मी रोज ऐकतोय : गॅझेट. "गॅझेटमधी लिहिलंय." "गॅझेटमधी तसं काहीच नाही." दोन्हीकडून आवाज चढतो, कधी कधी हातघाईवर येतं. मी एकदा दोघांनाही विचारलं, "भाऊ, तुम्ही ते पाहिलंय का?" एक म्हणाला, मोबाईलवर फोटो पाहिला. दुसरा म्हणाला, नेत्यानं वाचलंय.

खरं सांगतो, त्या दिवशी माझीही मान खाली गेली. वीसेक वर्षं बातम्या लिहितोय, गॅझेट हा शब्द शेकडो वेळा छापला, पण मूळ पानं मीही पाहिली नव्हती. म्हणून शोधायला बसलो.

ते कुठल्या तरी तिजोरीत, मंत्रालयाच्या कपाटात कुलूपबंद असेल असं मला वाटत होतं. सापडलं विद्यापीठाच्या ग्रंथालयात. तेही फुकट, घरबसल्या, मोबाईलवर.

पुण्याला डेक्कनवर गोखले अर्थशास्त्र संस्था आहे. १९३० साली रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून उभी राहिली, १९९३ पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. तिचं ग्रंथालय संस्थेपेक्षाही जुनं. नामदार गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज काढला, तेव्हापासूनचा तो संग्रह. आज त्याला धनंजयराव गाडगीळ यांचं नाव आहे. जनगणनेचे अहवाल, दुष्काळ आयोगाचे अहवाल, शेतसाऱ्याचे, संस्थानांचे कारभार अहवाल असा जुना सरकारी कागद तिथं रचून ठेवलाय. त्यातलं पुष्कळसं त्यांनी स्कॅन करून संकेतस्थळावर टाकलंय. कुणीही उतरवून घ्यावं.

दुसरं ठिकाण ऐकून तर मला हसूच आलं. आपल्या बीड जिल्ह्याची माहिती असलेलं इम्पीरियल गॅझेटियर अमेरिकेत शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयानं अख्खं, २६ खंडांचं, इंटरनेटवर ठेवलंय. बीडचा माणूस बीडचा इतिहास शोधतोय आणि तो निघतोय शिकागोत.

तिथं एवढी आपली पुस्तकं का, याचीही एक गोष्ट आहे. १९५० आणि ६० च्या दशकात अमेरिकेतून पीएल-४८० करारानं गहू यायचा. त्याचे पैसे आपण रुपयांत द्यायचो. त्या रुपयांतला काही भाग अमेरिकेनं १९६२ पासून इथली पुस्तकं आणि सरकारी प्रकाशनं विकत घेऊन आपल्या विद्यापीठांना पाठवण्यासाठी वापरला. गॅझेटियर त्याच्याही आधीचं, त्याचा या व्यवहाराशी संबंध नाही. पण आपण गहू खाल्ला आणि त्यांनी आपले कागद जपले, हे मनात घर करून राहिलं.

आता आधी शब्दाचा घोळ मिटवू. गॅझेट आणि गॅझेटियर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गॅझेट म्हणजे राजपत्र. सरकार त्यात आदेश, नेमणुका, अधिसूचना छापतं. गॅझेटियर म्हणजे एखाद्या मुलखाची माहिती देणारा ग्रंथ : डोंगर, नद्या, पिकं, पाऊस, लोकसंख्या, जाती, गावं, बाजार. आदेश नव्हे, वर्णन. चौकात आपण ज्याला 'हैदराबाद गॅझेट' म्हणतो, ते बहुतेक वेळा गॅझेटियर असतं. २ सप्टेंबर २०२५ चा जो शासन निर्णय निघाला, मुंबईच्या आझाद मैदानावरचं मनोज जरांगे पाटलांचं उपोषण ज्यावर सुटलं, त्यातही शब्द गॅझेटियर असाच आहे.

मग त्यात आहे काय? हैदराबाद संस्थानाचा खंड १९०९ साली कलकत्त्याला सरकारी छापखान्यात छापला. आपला जिल्हा त्यात 'भीर' नावानं आहे. 'बीड' म्हणून शोधाल तर काही सापडणार नाही. अंबाजोगाई शोधायची तर 'मोमिनाबाद' लक्षात ठेवा. मी पहिल्या दिवशी दोन तास 'बीड' शोधत बसलो आणि वैतागून मोबाईल ठेवून दिला.

पहिल्याच पानांवर जिल्ह्याचे दोन भाग सांगितलेत : वरचा बालाघाट आणि खालचा पायनघाट. म्हणजे बीडहून येताना आपण जो मांजरसुंब्याचा घाट चढतो, तोच या दोन मुलखांमधला उंबरठा. रोज त्या घाटातून मोटारसायकल घालतो, पण आपण एका मुलखातून दुसऱ्यात चाललोय असं कधी मनात आलं नव्हतं.

त्या काळी जिल्ह्यात आगगाडीचे रूळ नव्हते. नगरहून बीड शहरात रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, म्हणजे ते पुस्तक छापल्यावर ११६ वर्षांनी. मुक्तिसंग्राम दिनी गाडी आली म्हणून आपण पेढे वाटले, ते बरोबरच होतं. पण ते पान वाचल्यावर तोच पेढा मला जरा कडू लागला.

पण मला खरा धक्का दिला लोकसंख्येच्या आकड्यानं. १९०१ च्या जनगणनेत भीर जिल्ह्यात ४ लाख ९२ हजार २५८ माणसं. दहा वर्षांपूर्वी, १८९१ ला, ती ६ लाख ४० हजारांच्या वर होती. म्हणजे दहा वर्षांत जवळपास दीड लाख माणूस कमी. मधे १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ. कुणी मेले, कुणी मुलूख सोडून गेले. सगळं हैदराबाद संस्थान त्या दहा वर्षांत १ कोटी १५ लाखांवरून १ कोटी ११ लाखांवर आलं. संस्थानात घट सुमारे ४ लाखांची, आणि त्यातला एवढा मोठा वाटा आपल्या एका जिल्ह्याचा.

बहात्तरचा दुष्काळ आपल्याकडं म्हातारी माणसं अजून सांगतात. सुकडी, खडी फोडणं, रोजगार हमी. पण ज्या दुष्काळात चारातला एक माणूस गेला, त्याची एकही आठवण आपल्या गावात शिल्लक नाही. ना दगड, ना जत्रा, ना ओवी. उरलाय तो पुस्तकातला एक आकडा. आज दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे ट्रॅक्टर याच चौकातून जातात. जगायला मुलूख सोडायची आपली सवय आजची नाही, हे त्या आकड्यानं मला सांगितलं.

आता ज्याच्यासाठी तुम्ही इथपर्यंत वाचलं, त्यावर येतो. जातींचं काय?

गॅझेटियरमध्ये कुणबी आहेत. शेती करणाऱ्या जातींमध्ये त्यांची मोठी संख्या दिलेली आहे. हे कुणी नाकारू नये. पण दुसरी बाजूही तेवढीच खरी : त्यात आकडे आहेत, नावं नाहीत. अमुक गावचा अमुक पाटील कुणबी, असं एका ओळीतही नाही. जिल्ह्याची बेरीज आहे. त्या बेरजेत तुमचा पणजोबा होता की नाही, हे ते पुस्तक सांगू शकत नाही.

शिवाय जनगणनेचे रकाने दर वेळी तसेच राहिले नाहीत. कुठली जात कुठल्या नावाखाली धरायची हे मोजणारे ठरवत, लोकही आपल्याला काय म्हणवून घ्यायचं ते ठरवत. १९०१ साली देशाचे जनगणना आयुक्त रिस्ले यांनी जातींची उच्चनीच क्रमवारी लावायला घेतली, तेव्हा देशभरातून जातिसंघटनांचे अर्ज आले की आम्हाला वर धरा. आज अर्ज उलट्या दिशेनं चाललेत. माणूस तोच, शेत तेच, फक्त काळाची गरज बदलली.

मग नावं कुठं आहेत? ती खासरा पत्रकात, पाहणी पत्रकात, कुळाच्या नोंदवहीत, जन्म-मृत्यूच्या गाव नमुना १४ मध्ये, शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं २०२३ पासून शोधले ते हेच कागद. त्यातले कित्येक मोडीत, कित्येक उर्दूत, कारण निजामाचा कारभार आधी फारसीत, मग उर्दूत चालायचा. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, पण संस्थानाचं जुनं दफ्तर बरंचसं हैदराबादलाच राहिलं. तारनाक्याला उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी पुराभिलेखागार आहे, तिथं ते आहे. म्हणून समितीला हैदराबाद गाठावं लागलं.

सप्टेंबरच्या शासन निर्णयानंतर ओबीसी बांधवांनी हरकती घेतल्या, प्रकरण न्यायालयात गेलं. कोण बरोबर हे सांगायला मी न्यायाधीश नाही. या पोस्टमधून मी कुणाची बाजू घेत नाही. पण एक गोष्ट बोचते. आपल्या जिल्ह्यात या वादावरून माणसं माणसांशी बोलायची बंद झाली. कुणाच्या हॉटेलात कुणी चहा प्यायचा, कुणाच्या दुकानातून कुणी किराणा न्यायचा, इथपर्यंत गोष्ट गेली. आणि ज्या पुस्तकावरून हे सगळं झालं, ते दोन्हीकडच्या शंभरातल्या एकानंही उघडलेलं नाही. वाचून भांडलो असतो तर निदान भांडण तरी खरं झालं असतं.

आणखी एक. शेजारचा नगर जिल्हा इंग्रजांच्या ताब्यात होता. त्याचं जाडजूड गॅझेटियर १८८४ सालीच निघालं, गावोगावच्या बारीकसारीक माहितीसकट. आष्टीच्या शिवेपलीकडच्या गावाचा इतिहास छापलेला, अलीकडच्या गावाचा नाही. त्याच १८८४ ला औरंगाबादचंही एक गॅझेटियर निघालं. बीडच्या वाट्याला १९०९ ची थोडकी पानं. आपल्या जिल्ह्याचा स्वतंत्र ग्रंथ महाराष्ट्र सरकारनं काढला तो १९६९ साली. त्यालाही पन्नासच्या वर वर्षं झाली. म्हणून आपल्याबद्दल कुणीही काहीही बोललं तरी खोडून काढायला आपल्या हातात कागद नसतो. ज्याचा कागद नाही, त्याच्या नावावर कुणीही काहीही खपवतो.

म्हणून तीन गोष्टी सांगतो, पटल्या तर करा.

पहिली, घरातल्या पत्र्याच्या पेटीत जुने कागद असतील तर ते लॅमिनेट करू नका. आत ओल राहिली की कागद कुजतो, आणि पुन्हा काढता येत नाही. ऊन न लागता सावलीत फोटो काढा, कोऱ्या कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. उर्दू किंवा मोडी वाचता येत नाही म्हणून फेकू नका. गावात उर्दू वाचणारे चाचा असतील तर त्यांच्याकडं घेऊन जा. मी माझ्या घरचा एक कागद असाच वाचून घेतला. अर्धा तास लागला आणि दोन कप चहा.

दुसरी, कागदावर १३४० किंवा १३५८ असं साल दिसलं तर घाबरू नका. तो फसली सन आहे. त्यात ५९० मिळवा, साधारण इसवी सन निघेल. १३५८ म्हणजे १९४८-४९, पोलीस कारवाईचा सुमार.

तिसरी, कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या पोरापोरींना सांगा, की रील पाहता पाहता एक दिवस ते ग्रंथालयाचं संकेतस्थळही उघडा. 'भीर' म्हणून शोधा. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांनी तर नक्कीच. आपल्या तालुक्याचं नाव शंभर वर्षांपूर्वीच्या छापील पानावर दिसलं की अंगावर काटा येतो, हे मी अनुभवानं सांगतोय.

परवा चौकात पुन्हा तोच विषय निघाला. मी मोबाईल काढून ते भीरचं पान उघडलं आणि टेबलावर ठेवलं. इंग्रजी होतं, म्हणून जमेल तसं मराठीत सांगत गेलो. कुणब्यांचा आकडा आला तेव्हा एक बाजू खुलली, नावं नाहीत म्हटल्यावर दुसरी. मग दुष्काळाचा आकडा सांगितला. दीड लाख माणूस. दोन्ही बाजू गप्प झाल्या. थोड्या वेळानं एक म्हातारे बाबा म्हणाले, "म्हंजी त्यात आपलेबी असतील की रं."

कोणाचे आपले, ते बाबांनी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

ज्यांच्या घरी जुने कागद आहेत त्यांनी कमेंटमध्ये फक्त गावाचं नाव लिहा. कागदाचा फोटो इथं टाकू नका, त्यात जमिनीची माहिती असते. पाच-पंचवीस गावं जमली तर एखाद्या रविवारी मांजरसुंब्याला बसू, वाचणारा माणूस मी शोधतो. चहा माझ्याकडून.