अपक्षाच्या मागे कोण असतं?

२०२४ च्या लोकसभेआधी आमच्या चोपड्यातला एक मुलगा घरी आला. नुकतीच पंचविशी पूर्ण झालेली. म्हणाला, "चाचा, रावेरमधून अपक्ष फॉर्म भरतोय. सूचक म्हणून सही द्याल?"

विधानसभेऐवजी थेट लोकसभा का, हे मला विचारावं लागलं नाही. चोपडा विधानसभा अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे. सातपुड्याच्या पायथ्याचे आमचे तडवी बांधव मुसलमान असूनही तिथे उभे राहू शकतात, कारण जमातीच्या आरक्षणाला धर्माची अट नाही. हा मुलगा तडवी नाही. आपल्या गावच्या आमदारकीचं दार त्याला बंद, खासदारकीचं मात्र कायद्याने उघडं.

त्याचा राग मला कळत होता. त्या वर्षी महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी एकाही जागेवर महाविकास आघाडीने मुस्लिम उमेदवार दिला नव्हता. २००४ साली अंतुले निवडून आले, त्यानंतर थेट २०१९ ला इम्तियाज जलील. पक्ष तिकीट देत नाहीत आणि स्वतः उभं राहिलं की "मतं खायला उभा केलाय" म्हणतात. मग करायचं काय?

मी त्याला १९५७ ची गोष्ट सांगितली. चोपडा तेव्हा पूर्व खानदेश जिल्ह्यात होतं. त्या निवडणुकीत पूर्व खानदेशातून लोकसभेवर गेले नौशेर भरुचा. मुंबईचे वकील, पारशी आणि अपक्ष. खानदेशात पारशी मतं ती किती असणार? तरी निवडून आले, कारण संयुक्त महाराष्ट्राची लाट होती. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात समिती स्थापन झाली होती, मुंबईत गोळीबारात माणसं मेली होती, आणि काँग्रेसवरचा राग खेड्यापर्यंत पोचला होता. शेजारी धुळ्यात जनसंघाचे उत्तमराव पाटील जिंकले. भरुचा तसे तरुण उमेदवार नव्हते, पण आपल्या भागात अल्पसंख्य समाजातला अपक्ष लोकसभेत गेला होता, हे आजच्या पोरांना माहीतच नाही. त्या वर्षी देशभरात ४२ अपक्ष निवडून आले. २०१९ मध्ये चार.

दुसरी गोष्ट बेळगावची. १९९६ मध्ये तिथे मराठी माणसांनी सीमाप्रश्नाकडे देशाचं लक्ष जावं म्हणून ढिगाने अर्ज भरले. एका जागेला ४५६ उमेदवार! जिंकायला कुणी उभंच नव्हतं. अनामत तेव्हा अवघी ५०० रुपये. त्याच वर्षी आंध्रात नलगोंड्यालाही असेच शेकडो उमेदवार उभे राहिले. मग सरकारने कायदा बदलला: अनामत १०,००० आणि अपक्षाला दहा सूचक. मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला मात्र एकच सूचक पुरतो. पुढे अनामत २५,००० झाली. म्हणजे या मुलाला ज्या सह्या गोळा कराव्या लागत होत्या, त्यामागे बेळगावकरांचाही हात आहे. हे ऐकून तो हसला.

"पंचवीस हजारांची सोय केलीय," तो म्हणाला. सहावा हिस्सा मतं मिळाली नाहीत तर ते जातात, हेही त्याला माहीत होतं. चिन्ह अर्ज मागे घ्यायची मुदत संपल्यावरच मिळतं आणि मग प्रचाराला जेमतेम दोन आठवडे उरतात, हे मात्र माहीत नव्हतं. तेवढ्यात चोपड्यापासून पार बुलढाणा जिल्ह्यातल्या मलकापूरपर्यंत नवं चिन्ह पोचवायचं. कसं?

जरा वेळाने त्याने विचारलं, "त्या भरुचांना इथे कोण ओळखत होतं?"

"फारसं कुणी नसेल. संयुक्त महाराष्ट्र मात्र सगळ्यांना माहीत होता."

तो गप्प झाला. मी म्हटलं, "सही देतो, पण एक अट. दहापैकी पाच सूचक मोहल्ल्याबाहेरचे आण. अडावदचा केळीवाला शेतकरी चालेल, धानोऱ्याचा शिक्षक चालेल, सूतगिरणीतला कामगार चालेल." माझी अट कठोर होती, हे मान्य. पक्षाच्या उमेदवाराला अशी अट कोण घालतं? बायकोने नंतर मला हेच सुनावलं.

आठ दिवसांनी तो परत आला. बाहेरच्या तीन सह्या मिळाल्या होत्या. त्यातली एक अडावदच्या एका म्हाताऱ्या पाटलांची. त्यांनी चहा पाजून दोन तास पाण्याचा प्रश्न सांगितला, म्हणे. मी सही केली. फॉर्म त्याने त्या वर्षी भरला नाही. पण त्या पाटलांकडे तो अजून जातो.