हेलियम विजयदुर्गला सापडला का? आणि केमिस्ट्रीच्या वर्गात हे का सांगायचं?

दरवर्षी १८ ऑगस्ट जवळ आला की एक मेसेज फिरू लागतो. नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६८ साली याच दिवशी विजयदुर्ग किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि हेलियम शोधला, असा त्याचा मथितार्थ. पुरावा म्हणून किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' दाखवले जातात. कोकणातल्या माणसाला अभिमान वाटणं साहजिक आहे. पण मंडळी, त्या दिवशी लॉकियर भारतातच नव्हता.

मग १८६८ ला नेमकं काय झालं? ग्रहणाचा पट्टा भारतावरून गेला आणि वर्णपटदर्शक, म्हणजे स्पेक्ट्रोस्कोप, घेऊन माणसं ठिकठिकाणी बसली. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल होते. गुंटूरला मेजर टेनंट आणि फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होते. मच्छलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे पॉग्सन होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या, त्यात एक पिवळी. पिवळी म्हणजे सोडियमची, असंच बहुतेकांना वाटलं. जान्सेनना त्या रेषा इतक्या ठळक दिसल्या की दुसऱ्या दिवशी, ग्रहण नसतानाही, त्यांनी त्या पुन्हा पाहून दाखवल्या.

लॉकियर तेव्हा लंडनला युद्धखात्यात कारकून होता. हौशी माणूस. नवं उपकरण हातात पडल्यावर २० ऑक्टोबरला त्यानेही ग्रहणाशिवाय त्या रेषा पाहिल्या. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच बैठकीत वाचली गेली आणि पुढे १८७२ मध्ये फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं एक पदक काढलं.

खरी गंमत त्या पिवळ्या रेषेची आहे. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर येतात. ही रेष आहे ५८७.६ वर. फरक दीड नॅनोमीटरसुद्धा नाही. लॉकियरने जागा काळजीपूर्वक मोजली आणि ही सोडियमची नव्हे असं ठरवलं. मग एडवर्ड फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाबरोबर प्रयोगशाळेत तशी रेष मिळते का ते पाहिलं. मिळाली नाही. मूलद्रव्याला नाव मिळालं, पण पदार्थ कुणाच्या हाती नव्हता. बऱ्याच रसायनशास्त्रज्ञांनी शंका घेतली, आणि ती योग्यच होती.

कारण बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी घालून दिलेला धडा तसाच होता. १८६० मध्ये त्यांना ड्युर्कहाइमच्या झऱ्याच्या पाण्यात दोन अनोळखी निळ्या रेषा दिसल्या. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. सुमारे ४० टन पाणी आटवून त्यातून सीझियमचे मोजके ग्रॅम क्षार त्यांनी वेगळे काढले. आधी रेष, मग तिचं मोजमाप, मग पदार्थ.

हेलियमला हा शेवटचा टप्पा गाठायला २७ वर्षं लागली. १८९५ मध्ये लंडनला विल्यम रॅम्झी क्लेव्हाइट या खनिजातून निघणारा वायू तपासत होते. ते शोधत होते आर्गॉन. दिसली एक पिवळी रेष. त्यांनी वायूचा नमुना क्रुक्सकडे पाठवला. क्रुक्सने तरंगलांबी मोजली आणि ती सूर्यातल्या रेषेशी जुळली. तेव्हा कुठे विषय मिटला.

आता विजयदुर्ग. लॉकियर तिथे आला होता, हे खरंच आहे. पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला! सोबत युद्धनौकेवरचे खलाशी, दुर्बिणी, कॅमेरे असा लवाजमा होता. हेलियम तोवर बाटलीत भरून तीन वर्षं झाली होती. साहेबाच्या ओट्यांचा संबंध लॉकियरशी लावायचा असेल तर तो १८९८ शी लावावा लागेल. आणि अभिमानच हवा असेल तर त्याच ग्रहणातलं आणखी एक नाव घ्या. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे, प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. त्यांनी सोलापूरच्या वाटेवरच्या जेऊरला तळ ठोकून वर्णपटाची छायाचित्रं घेतली. लॉकियरचा चुकीचा मेसेज लाखो लोकांपर्यंत पोचतो. नायगमवालांचं नाव किती जणांनी ऐकलंय?

हे सगळं एम.एस्सी.च्या स्पेक्ट्रोस्कोपीच्या पेपरच्या आधी सांगायला हवं असं मला वाटतं. आज अनेक कॉलेजांत हा विषय छापील कोडं म्हणून शिकवला जातो. रेणुसूत्र दिलंय, आयआरचे आकडे दिलेत, एनएमआरचे दिलेत, रचना ओळखा. १७०० च्या आसपास पीक दिसला की पोरं डोळे मिटून 'कार्बोनिल' लिहितात. मार्क मिळतात. पण कार्बोनिल म्हणजे अल्डिहाइड, कीटोन, एस्टर की अमाइड? मशीनचं कॅलिब्रेशन केव्हा झालं? नमुन्यात पाणी होतं का? दुसऱ्या कुठल्या पद्धतीने पडताळलं का? हे प्रश्न कागदावरच्या आलेखातून सुचतच नाहीत, कारण यंत्र विद्यार्थ्याने लांबूनच पाहिलेलं असतं. नमुना बाहेर पाठवायचा, रिपोर्ट परत आला की फाइलला लावायचा.

उद्या हीच मुलं तारापूर, महाड, लोटे परशुरामच्या कारखान्यांत क्यूसीला लागणार. औषधाची बॅच पास की फेल, यावर त्यांची सही असणार. 'पिवळी दिसली म्हणजे सोडियम' अशी सवय तिथे कुणाच्या तरी जिवावर बेतू शकते.

महागडं एनएमआर प्रत्येक कॉलेजला परवडणार नाही, मान्य. पण वर्णपट डोळ्यांनी पाहायला ते लागतं कुठे? फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सोडियमचा दिवा आणि स्पेक्ट्रोमीटर असतोच. केमिस्ट्रीच्या मुलांना एक तास तिथे न्या. ज्योत परीक्षेत सोडियमचा पिवळा पोटॅशियमचा जांभळा कसा झाकतो आणि निळी कोबाल्ट काच धरल्यावर तो कसा दिसू लागतो, ते प्रत्येकाला करून पाहू द्या. जुनी सीडी तिरपी धरून ट्यूबलाइट आणि एलईडीच्या प्रकाशातला फरक दाखवा. यात खर्च जवळपास शून्य आहे.

आणि शिक्षक मित्रांनो, येत्या १८ ऑगस्टला तो मेसेज आला तर नुसता डिलीट करू नका. वर्गात वाचून दाखवा आणि मुलांना विचारा, यातलं काय काय तपासता येईल?