ऑपरेशनच्या आधीचे महिने

आजचा एपिसोड मूत्राशयाच्या कॅन्सरचा आणि जॉर्डनचा. इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये हे कुठून आलं, असं वाटेल. पण मला निर्वासितांचा इतिहास हॉस्पिटलच्या बिलात फार स्पष्ट दिसतो.

आधी आजार समजून घेऊ. लघवीतून रक्त जातं, पण दुखत नाही. चार दिवसांनी थांबतं, माणूस विसरून जातो. गाठ वरवरची असेल तर दुर्बिणीतून खरवडून काढतात आणि गरज असेल तर मूत्राशयात बीसीजी सोडतात. हो, तीच लस, जिचा व्रण आपल्या दंडावर असतो! १९७६ मध्ये कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी हा उपाय मांडला. गाठ स्नायूत शिरली तर मात्र बहुतेकदा अख्खं मूत्राशयच काढावं लागतं. मग आतड्याच्या तुकड्यातून पोटावर लघवीला वाट करून देतात आणि तिथे पिशवी लावतात. निदानानंतर या ऑपरेशनला तीन महिन्यांपेक्षा जास्त उशीर झाला, तर जगण्याची शक्यता घटते. सर्जन कितीही चांगला असो.

आता जॉर्डन. २०११ मध्ये सीरियात युद्ध पेटलं आणि लाखो लोक सीमा ओलांडून आले. झातरी छावणी जुलै २०१२ मध्ये उघडली, पण बहुतेक सीरियन शहरांत भाड्याच्या खोल्यांत राहिले. भाषा अरबीच, त्यामुळे दुभाष्याची अडचण नाही. सिगारेटची सवयही दोन्हीकडे सारखीच, आणि या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण तंबाखूच. फरक पडला तो पैशांनी. जॉर्डनच्या नागरिकाला कॅन्सर झाला तर खर्चाचा मोठा भार सरकार उचलतं. नोंदणी केलेल्या सीरियनांना सरकारी दवाखाने आधी मोफत होते. नोव्हेंबर २०१४ मध्ये ते बंद झालं आणि विमा नसलेल्या जॉर्डनी माणसाचा दर लागला. २०१८ च्या सुरुवातीला तर परदेशी रुग्णाच्या दराच्या ८० टक्के! २०१९ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. जॉर्डनला नुसत्या शिव्या घालणं मला पटत नाही. छोटा, पाण्यालाही महाग देश, आणि बाहेरची मदत आटत चाललेली.

महागड्या उपचारांसाठी यूएनएचसीआरची एक समिती होती. २०१० ते २०१२ मध्ये तिच्याकडे सगळ्या प्रकारच्या कॅन्सरचे मिळून ५११ अर्ज आले (त्यात इराकी निर्वासितही होते). मंजूर झाले २४६. नकाराचं मुख्य कारण काय? रुग्ण वाचण्याची शक्यता कमी. म्हणजे बघा, उशीर झाला म्हणून आजार वाढला, आणि आजार वाढला म्हणून पैसे नाहीत.

म्हणून ऑपरेशननंतर स्थानिक किती जगले आणि निर्वासित किती, अशी तुलना कुठे दिसली की मी आधी विचारतो, टेबलापर्यंत पोचलेच नाहीत त्यांचं काय? ते त्या आकड्यात नसतात.

आणि जे पोचले, त्यांचंही घरी जाऊन संपत नाही. वरवरची गाठ काढली असेल तर सुरुवातीला दर तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी. मूत्राशयच काढलं असेल तर पोटावरची पिशवी दर काही दिवसांनी बदलायची, आयुष्यभर. तीही कुणीतरी विकत आणावी लागते.