दोनशे टनांचं प्रेमपत्र

माणसाला नको असलेली जाहिरात पहिल्यांदा कधी ऐकावी लागली, याचा शोध घेत गेलं तर बहुधा एखाद्या गुहेच्या तोंडाशी जाऊन पोचावं लागेल. पण विजेच्या तारेवरून, घरपोच आणि न मागता आलेली पहिली जाहिरात म्हणून जिचं नाव घेतात ती १८६४ सालची आहे. महिना मे, शहर लंडन, वेळ रात्रीची. पार्लमेंटच्या आजी-माजी सभासदांच्या दारावर तारवाल्याची थाप पडली. तार म्हटलं की आपल्याकडे पाकीट फोडायच्या आधीच घरातल्या बायका पदर डोळ्यांना लावत. २०१३ च्या जुलैत आपली तारसेवा बंद झाली, पण जुन्या माणसांच्या छातीतली ती धडधड अजून बंद झालेली नाही. साहेबाचंही काळीज काही लोखंडाचं नसणार. त्यानं धास्तावून तार उघडली, तर आत काय? गॅब्रिएल नावाचे दातांचे डॉक्टर ऑक्टोबरपर्यंत हार्ले स्ट्रीटवर दहा ते पाच या वेळात भेटतील!

दात दुखत नसताना दाताच्या डॉक्टरची आठवण करून देणं हा तसा गुन्हाच. एका सद्गृहस्थांचं डोकं असं फिरलं की त्यांनी थेट लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहिलं : माझा या डॉक्टरांशी कधी काडीचा संबंध आला नाही, मग मला अशी तार पाठवायचा यांना अधिकार काय? ‘टाइम्स’नं पत्र छापलं. परिणाम असा झाला की, ज्यांना तार गेली नव्हती त्यांनाही डॉक्टरांचा पत्ता कळला, आणि तोही फुकटात. जाहिरातवाल्यावर रागावलं की त्याचा फायदाच होतो, हा धडा जगाला तेव्हाच मिळाला होता. जगानं तो घेतला नाही, ही गोष्ट वेगळी.

मी कॉमर्सचा पदवीधर आणि पेशानं बँकेतला कारकून. त्यामुळे कुठलाही इतिहास वाचताना माझी नजर आधी ‘खर्च कोणाच्या नावे टाकला’ इकडे जाते. पानिपतसुद्धा मी याच नजरेनं वाचलं आहे. टपालाचा इतिहास या नजरेनं पाहिला तर भलताच उद्बोधक ठरतो. १८४० पूर्वी इंग्लंडात पत्राचे पैसे बहुधा घेणाऱ्याला द्यावे लागत. आपल्या ‘नॉटपेड’ पत्रासारखं. अशा राज्यात जाहिरात पाठवणार कोण? ‘आमचं मलम वापरा’ एवढं वाचण्यासाठी कोण पदरचे पैसे मोजणार? मग रोलंड हिल नावाच्या गृहस्थांनी १८४० साली सगळा हिशेबच उलटवला. पाठवणाऱ्यानं आधी एक पेनीचं तिकीट लावायचं, घेणाऱ्यानं काही द्यायचं नाही. आपल्याकडे १८५४ साली हीच व्यवस्था आली. पाव तोळ्यापर्यंतचं पत्र, अंतर कितीही असो, अर्धा आणा. गरिबाचं पत्र गावोगाव जाऊ लागलं, आणि त्याच थैलीत बसून मलमवालाही निघाला. तरी एक बरं होतं. दर पत्रामागे पाठवणाऱ्याच्या खिशातून काहीतरी जात होतं, त्यामुळे तो पाठवण्याआधी दोनदा विचार करी. तिकीट ही नुसती पावती नव्हती, ती चाळणी होती.

हे मी इतक्या अधिकारानं सांगतो, कारण गेली कित्येक वर्षं मी टपाल तिकिटं जमवणाऱ्या मंडळींत वावरतो आहे. आमचं एक सोळा पानी त्रैमासिक आहे. संपादक निवृत्त हेडमास्तर आहेत आणि ते अजूनही आमचे लेख तांबड्या शाईनं तपासतात. या जमातीचं एक वैशिष्ट्य असं, की पूर्वी टपालानं येणाऱ्या जाहिरातीचा तिला कधी त्रास म्हणून झालाच नाही. बियाण्यांचा कॅटलॉग आला, केसांच्या तेलाचं पत्रक आलं, की आम्ही आतला मजकूर रद्दीत टाकायचो आणि पाकीट जपून ठेवायचो. वर तिकीट असायचं, त्यावर शिक्का असायचा, आणि नशीब उघडलं तर शिक्क्यात एखाद्या आडगावाचं नाव स्वच्छ उमटलेलं असायचं. जाहिरातवाल्याला वाटे, आपण गिऱ्हाईक शोधतो आहोत. प्रत्यक्षात तो आमची हौस भागवत असे.

मग ईमेल आली. तिला ना तिकीट, ना शिक्का, ना पाकीट. पाठवणाऱ्याचा खर्च जवळजवळ शून्य आणि वाचणाऱ्याचा वेळ मात्र नावे. म्हणजे हिशेब फिरून १८४० च्या आधी जाऊन बसला. पैसे पुन्हा घेणाऱ्यानंच द्यायचे! फरक एवढाच, की नॉटपेड पत्र निदान नाकारता तरी येत असे.

आणि हे असं होणार, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं समजू नका. अमेरिकेत संरक्षण खात्याच्या पैशातून आर्पानेट नावाचं संगणकांचं जाळं उभं राहिलं होतं. तिथल्या जॉन पोस्टेल या संगणकशास्त्रज्ञानं १९७५ च्या नोव्हेंबरातच एक टिपण लिहून ठेवलं, की आपल्या या जाळ्यात नको त्याचं टपाल नाकारायची सोयच नाही. बँकेत अशी टिपणं फार लिहिली जातात. ती फायलीला लागतात आणि फाईल कपाटाला लागते.

अडीच वर्षांनी, १९७८ च्या मे महिन्यात, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीतल्या गॅरी थुर्क नावाच्या विक्रीतज्ज्ञाला सुचलं, की आपल्या नव्या यंत्राचं प्रात्यक्षिक कॅलिफोर्नियात आहे, तर एकेकाला कशाला कळवत बसायचं? आर्पानेटच्या सभासदांची छापील यादी होतीच. त्यातून सुमारे चारशे पत्ते बसून टाईप करण्यात आले. ते इतके झाले, की पत्त्याच्या रकान्यात मावेनात. उरलेले पत्ते खाली मजकुरात सांडले. लग्नपत्रिकेवर निमंत्रकांची नावं इतकी व्हावीत, की वधूवरांना जागाच उरू नये, तसं ते पत्र दिसत होतं. वरून कानउघाडणी झाली. सरकारी जाळं धंद्यासाठी वापरायचं नसतं, वगैरे. थुर्कसाहेबांनी मात्र पुढे सांगितलं, की त्या एका पत्रावर एक कोटी डॉलरहून जास्त माल विकला गेला.

या प्रकरणात मला सगळ्यांत आवडतं ते पात्र वेगळंच आहे. रिचर्ड स्टॉलमन. पुढे मोठा नावाजला, तेव्हा तरुण प्रोग्रॅमर होता. जाळ्यावर चर्चा पेटली तेव्हा यानं जाहिरातवाल्याची बाजू घेतली. त्याचं म्हणणं, मला असल्या तर काय, कुणाला मूल झाल्याच्याही बातम्या येतात, त्या तरी कुठे मी मागवलेल्या असतात? उद्या कुणी इथे जोड्या जुळवायची सोय काढली, तर तिलाही नाकं मुरडणार का? इतका उदारमतवाद! पण तोवर मूळ पत्र त्याला मिळालंच नव्हतं. ते हाती पडलं, पत्त्यांची ती मारुतीची शेपटी त्यानं डोळ्यांनी पाहिली, आणि गड्यानं तिथल्या तिथे आपले शब्द गिळले. दुसऱ्याच्या दारात वाजणाऱ्या लाऊडस्पीकरबद्दल आपण नेहमीच उदारमतवादी असतो.

यानंतरचा मोठा प्रसंग १२ एप्रिल १९९४ चा. यूजनेट नावाची एक प्रचंड चावडी होती. तिथे हजारो गट होते आणि त्यांत छंदवाल्यांचे गट उदंड. कुणी मासे पाळणारा, कुणी बोन्सायवाला, कुणी आमच्यासारखा तिकीटवाला. अॅरिझोनातल्या लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल या वकील दांपत्यानं एकच जाहिरात जवळजवळ सहा हजार गटांत टाकली. विषय : अमेरिकेच्या ग्रीन कार्डाची सोडत. सोडतीत भाग घ्यायला सरकारी फी नव्हती, अर्ज साध्या टपालानं धाडला की काम भागत होतं. हे दोघे तो अर्ज भरून द्यायचे पैसे घेणार होते. माशांच्या गटात ग्रीन कार्ड, बोन्सायच्या गटात ग्रीन कार्ड! त्यातही कळस असा, की भारतात जन्मलेली माणसं त्या सोडतीला पात्र नव्हती आणि जाहिरातीतच तसं लिहिलं होतं. म्हणजे तिकडे शिकायला गेलेल्या आपल्या मुलांनी जाहिरात पूर्ण वाचायची, आणि शेवटी कळायचं काय, तर ही आपल्यासाठी नाही.

लोकांनी इतकी निषेधाची पत्रं पाठवली, की त्या वकिलांना जोडणी देणाऱ्या कंपनीचे संगणकच आडवे झाले आणि तिनं जोडणी तोडली. एकानं वकिलांची टर उडवणारे टी-शर्ट छापून विकले. वकिलांनी उलट या विषयावर पुस्तक लिहिलं : या मार्गानं पैसा कसा मिळवावा! १९९७ साली टेनेसी राज्यात कँटरची सनद गेली, त्याच्या कारणांत ही जाहिरातही होती. असल्या पत्रांना ‘स्पॅम’ म्हणायची पद्धत तेव्हा रुळू लागली होती. मूळ स्पॅम हे अमेरिकेतलं १९३७ सालचं डबाबंद मांस. १९७० साली एका इंग्रजी टीव्ही प्रहसनात असं हॉटेल दाखवलं, की जे मागवाल त्यात स्पॅम. तिथून हे नाव उचललं गेलं. आपल्याकडे शोधलं गेलं असतं, तर लग्नाच्या जेवणातल्या बटाट्याच्या भाजीला हा मान मिळाला असता. २००४ साली बिल गेट्स यांनी हा उपद्रव दोन वर्षांत संपेल असं भाकीत केलं होतं. आमचा ब्रँच मॅनेजर आमच्या प्रमोशनबद्दल असंच बोलत असे.

हा सारा इतिहास मी चाळला, त्याचं कारण आमच्या त्रैमासिकाला आलेलं एक पत्र. मास्तरांनी ते मासिक बैठकीत चष्मा सावरून वाचून दाखवलं. ‘आदरणीय महोदय, स्टॅम्पिंग क्षेत्रातील आपल्या नामांकित संस्थेस आमचं दोनशे टन दाबाचं हायड्रॉलिक प्रेस सवलतीच्या दरात देण्यास आम्ही उत्सुक आहोत.’ पत्रा ठोकून त्याचे भाग काढायचं ते अजस्र यंत्र! कुठल्याशा यादीत आमच्या नावातला ‘स्टॅम्प’ पाहून कुणीतरी हे प्रेमपत्र धाडलं होतं. आम्ही तिकीट चिमट्यानं उचलणारी माणसं. तिकिटाला बोट लागलं तर हात धुऊन येतो.

बैठकीत जे सुरू झालं ते विचारू नका. खजिनदारांनी विचारलं, हप्त्यानं देतात का? आमच्यातल्या एकमेव बाई सभासद म्हणाल्या, “माझ्या सासऱ्यांनी वहीत डिंकानं चिकटवलेली तिकिटं निघत नाहीत. त्या यंत्राला उलटा दाब आहे का, तेवढं विचारा.” सर्वांत ज्येष्ठ सभासद गंभीरपणे म्हणाले, “यंत्र चांगलं आहे हो, पण उशिरा आलं. १८५२ ला हवं होतं.” आणि मग त्यांनी नव्या पोरांना सिंध डाकेची गोष्ट सांगितली. सिंधचे कमिशनर बार्टल फ्रिअर, म्हणजे पुढे मुंबईचे गव्हर्नर होऊन ज्यांच्या कारकिर्दीत किल्ल्याची तटबंदी पडली तेच, यांनी १८५२ साली आशियातलं पहिलं टपाल तिकीट काढलं. त्यातलं एक लाल चकतीवर ठसा दाबून उठवलेलं होतं. चकती इतकी ठिसूळ, की हाताळताना तुकडे पडत. म्हणून आज ते मिळणं मुश्कील. एका भलत्याच पत्रापायी त्या संध्याकाळी चार नव्या पोरांना सिंध डाक समजली. एरवी मास्तर व्याख्यान ठेवतात तेव्हा हीच पोरं चहाच्या वेळेला उगवतात.

हसू ओसरल्यावर एका सभासदानं सूचना मांडली, की शेवटच्या पानावरचा आपला ईमेलचा पत्ता काढून टाकावा, म्हणजे असली पत्रं येणार नाहीत. सूचनेत तथ्य होतं. पण मास्तर म्हणाले, “थांबा, त्याच ढिगात आणखी एक आहे.” यंत्राचं पत्र संगणकानं नको असलेल्या टपालाच्या कप्प्यात टाकलं होतं. आम्हांला हसवायला म्हणून मास्तर ते काढायला गेले, तेव्हा त्याच्या खालीच हे दुसरं सापडलं. विषयाचा रकाना कोरा. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. ‘वडील रेल्वे मेल सर्व्हिसला होते. मागच्या महिन्यात गेले. त्यांच्या ट्रंकेत जुनी पाकिटं आहेत, गाडीतल्या शिक्क्यांची. रविवारी रद्दीवाला बोलावला आहे. कुणाला उपयोग आहे का? तुमचा अंक वडिलांच्या टेबलावर होता, त्यावर पत्ता मिळाला.’

बैठक शनिवारची होती. दोघं जण चहा टाकून रिक्षा शोधायला धावले. त्या ट्रंकेत पैशांत मोजावं असं फारसं काही निघालं नाही. पण चालत्या गाडीत कंदिलाएवढ्या उजेडात उभ्यानं पत्रं निवडणाऱ्या एका माणसानं आपल्या नोकरीतले शिक्के, एकेका मार्गाप्रमाणे, तारखेवार लावून ठेवले होते. आमच्या अंकाची चार पानं त्याच्यावर निघाली. मुलीनं सांगितलं, घरात कुणाला माहीतच नव्हतं, बाबा रात्री जागून काय करतात ते.

पत्ता काढायची सूचना पुन्हा कुणी मांडली नाही. मला पोस्टेलसाहेबांचं कोडंही तेव्हाच सुटल्यासारखं वाटलं. १९७५ साली धोक्याची घंटा वाजवणाऱ्या याच माणसानं १९८२ साली ईमेल पोचवण्याचे नियम लिहिले, आणि त्यात पाठवणारा खरा कोण हे तपासायचं कुलूपच नव्हतं. विसराळूपणा म्हणावा, तर माणूस तसा नव्हता. ज्या घराला अनोळखी माणूस हवा असतो, त्याला दार उघडं ठेवावंच लागतं. विक्रेता त्याच दारानं येतो, आणि ट्रंकवाली मुलगीही. विक्रेत्याला हसून वाटेला लावावं, पण त्याच्यापायी दार चिणून घेऊ नये.

मास्तरांनी यंत्रवाल्यांनाही रीतसर उत्तर पाठवलं. ‘आपलं पत्र पावलं. तूर्त यंत्राची निकड नाही. तथापि आपला सचित्र कॅटलॉग टपालानं पाठवल्यास आभारी होऊ. पाकिटावर कृपया मोठ्या आकाराची, वेगवेगळी तिकिटं लावावीत.’

आठ दिवसांत कॅटलॉग आला. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, सोबत व्यवस्थापकांच्या सहीचं पत्र. कुरियरनं.